डायलिसिस चालू असताना मन कसं सांभाळायचं : तहान, थकवा, भीती आणि निराशेवर टप्प्याटप्प्याने काम

घरातून निघणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, वजन, सुया, मशीनवर चार तास, सुया काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बोळा दाबून धरणं आणि परतीचा प्रवास. एका डायलिसिसला सहा-सात तास सहज जातात. आठवड्याला तीन पाळ्या असतील तर वीस तास. त्याशिवाय पाणी मोजून पिणं, ताटातली निम्मी भाजी बाजूला काढणं, आणि मशीनवर नसलेला दिवससुद्धा आदल्या दिवसाच्या थकव्यातून सावरण्यात जाणं. अशा माणसाला नातेवाईक सांगतात, ‘मन खंबीर ठेवा.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्यातून रुग्णाच्या हाती काही लागत नाही.

डायलिसिसवरच्या माणसाचं मन बहुतेक वेळा मरणाच्या भीतीपेक्षा या रोजच्या झिजेने खचतं. तहान, पायांत येणारे गोळे, घरच्यांची बोलणी, बुडालेला रोजगार, शेजारच्या बेडवरचा माणूस अचानक दिसेनासा होणं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर वेगळं काम करता येतं, आणि ते तसंच करावं लागतं. शिवाय दर चार-पाच रुग्णांमागे एकाला नैराश्याचा आजार असतो. ‘एवढं मोठं दुखणं आहे, उदास वाटणारच’ असं म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच सोडला जातो. उदास वाटणं स्वाभाविक आहे, हे खरंच. पण नैराश्याच्या आजारावर किडनी निकामी असतानाही उपचार होतात. ते न मिळणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

आधी शरीर तपासा

‘कशातच लक्ष लागत नाही, सारखं पडून राहावंसं वाटतं’ ही तक्रार मनाची म्हणून मांडली जाते, पण तिचं मूळ अनेकदा रक्ताच्या रिपोर्टात सापडतं. म्हणून समुपदेशकाकडे जाण्याआधी किंवा जाता जाता नेफ्रोलॉजिस्टकडून, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडून, या गोष्टी बघून घ्या.

हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवतात. ते ८ पर्यंत उतरलं असेल तर जिना चढवत नाही आणि मनही उभारी धरत नाही. रक्तवाढीचं इंजेक्शन चालू असूनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर लोह तपासायला सांगा. त्यासोबत बी-१२ आणि थायरॉईडही बघून घ्यावं. डायलिसिस पुरेसं होतंय का हेही विचारा. रक्तातला युरिया एका पाळीत किमान ६५ टक्क्यांनी कमी व्हायला हवा. या आकड्याला यूआरआर म्हणतात आणि तो काढण्यासाठी पाळीच्या आधी आणि नंतर रक्त घेतात. पैशाअभावी आठवड्याला दोनच पाळ्या घेणाऱ्यांमध्ये भूक न लागणं, मळमळ आणि डोकं जड राहणं हे अपुऱ्या डायलिसिसचं लक्षण असू शकतं.

झोपेची चौकशी नीट करा. रात्री पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही? हा रेस्टलेस लेग्जचा त्रास डायलिसिसवर फार आढळतो. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास मध्येच अडकणं हेही तसंच. अंगाची खाज तर रात्रच्या रात्र खाते. तिन्हींवर इलाज आहेत, फक्त राउंडला ‘बाकी ठीक ना?’ या प्रश्नावर ‘हो’ म्हणून मोकळं होऊ नका.

एक धोक्याची सूचना. रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपेत आणि रात्री जागा राहू लागला, माणसं ओळखेना, तर त्याला ‘डोक्यावर परिणाम झाला’ समजू नका. कंबरदुखीसाठी दिलेलं बॅक्लोफेन किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधं किडनीवाटे बाहेर पडतात. डायलिसिसवरच्या माणसात नेहमीच्या डोसनेही ती अंगात साचतात आणि असंच घडतं. जंतुसंसर्ग किंवा साखर उतरणं हीही कारणं असतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.

तहान

सगळ्यात जास्त भांडणं, लपवाछपवी आणि अपराधीपणा पाण्यावरून होतो, म्हणून इथे जरा थांबू.

दिवसाचं पाणी किती, याचा ढोबळ हिशेब असा : चोवीस तासांत होणारी लघवी अधिक ५०० मिली. लघवी ३०० मिली होत असेल तर दिवसाला ८००. लघवी बंदच असेल तर साधारण अर्धा लिटर. तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्यात चहा, दूध, ताक, आमटी, पेज, बर्फ सगळं धरायचं. दोन पाळ्यांमधली वजनवाढ ड्राय वेटच्या (अंगातलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनाच्या) चार ते साडेचार टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला सव्वादोन ते अडीच किलो. काट्यावर वाढलेला एक किलो म्हणजे एक लिटर पाणी, हे समीकरण लक्षात असू द्या.

तहान आवरायची सुरुवात मिठापासून होते. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी मागतंच, तिथे मनाचा निग्रह कामाचा नाही. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही. हे घरात बसवायचं तर सकाळीच रुग्णाच्या वाटचं मीठ एका छोट्या डबीत मोजून ठेवा. आमटी-भाजी मीठ घालण्याआधी त्याच्यापुरती बाजूला काढा आणि वरून डबीतलं घाला. पोळीच्या कणकेत, भाकरीच्या पिठात, भातात मीठ नको. पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे, सुकट-बोंबील, पाव आणि खाण्याचा सोडा घातलेले पदार्थ यांत डबीबाहेरचं मीठ लपलेलं असतं. अळणी जेवण पहिले पंधरा दिवस घशाखाली उतरत नाही. काही आठवड्यांत जीभ जुळवून घेते. तोवर लिंबाचे चार थेंब, जिरे, मिरी, लसूण, कोथिंबीर यांवर भागवा. सैंधवाने काही फरक पडत नाही, तेही मीठच. आणि ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ तर घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय त्याने थांबू शकतं. मधुमेह असेल तर वाढलेली साखरही तहान पेटवते, म्हणून पाण्यावर चिडण्याआधी साखर बघा.

मोजण्यासाठी बाटलीची पद्धत सगळ्यात सोपी :

१. घरातला चहाचा कप, वाटी, फुलपात्र यांत किती मिली मावतं ते एकदा मोजा आणि कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. ‘अर्धा कप चहा’ बहुतेक घरांत १०० मिलीच्या पुढे जातो.

२. रोज सकाळी दिवसाचा पूर्ण कोटा, समजा ८०० मिली, एका बाटलीत भरा.

३. पाणी प्यायचं ते याच बाटलीतून. चहा, ताक किंवा आमटी घेतली की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका, झाडाला घाला. बाटलीत उरलेलं पाणी म्हणजे तुमची शिल्लक.

४. संध्याकाळसाठी निम्मी बाटली राखून ठेवा. दुपारीच संपवलेल्यांची रात्र फार वाईट जाते.

५. रोज सकाळी एकाच वेळी, त्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा.

तोंड कोरडं पडणं आणि तहान लागणं यांत फरक आहे. आधी गार पाण्याने खळखळून चूळ भरा आणि थुंका. मग एखादी लवंग किंवा वेलदोडा तोंडात ठेवा, नाहीतर बिनसाखरेचं च्युइंग गम चघळा. बर्फाचा लहान खडा चालतो. एक खडा म्हणजे १५-२० मिली, तोही बाटलीतून वजा. एवढं करूनही तलफ राहिली तर घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते. त्या दहा मिनिटांत हाताला काम हवं : लसूण सोलणं, फोन करणं, गॅलरीत दोन फेऱ्या. नुसतं बसून पाण्याकडे बघत राहिलात तर ती उतरत नाही.

आणि चुकलं तर? लग्नात दोन ग्लास सरबत गेलं. इथे मन एक घातक वाक्य बोलतं : ‘आता गेलंच, मग आज पुरतंच पिऊ.’ दोन ग्लास म्हणजे काट्यावर चारशे ग्रॅम. ते पुढच्या पाळीत निघतात. पण ‘गेलंच’ म्हणून दिवसभर प्यायलेले दोन लिटर सहज निघत नाहीत. झालेली चूक तिथेच मोजून लिहा, उरलेला दिवस बाटलीवर परत या. सिस्टर रागावतील या धास्तीने वजन लपवणारे, काट्यावर उभं राहण्याआधी पाळीच बुडवणारे रुग्ण असतात. पाळी बुडवली की पाणी फुप्फुसात आणि पोटॅशियम रक्तात साचतं, आणि जीव खरा तिथे जातो.

सोमवार-बुधवार-शुक्रवार पाळी असणाऱ्यांनी रविवारची तयारी शनिवारीच करावी. शुक्रवार ते सोमवार हे सगळ्यात लांब अंतर, आणि नेमक्या त्याच दिवशी घरात रस्सा, पाहुणे आणि दुपारचा जास्तीचा चहा असतो. रविवारचा रस्सा ताटात हवाच असेल तर वाटी ठरवा, बाटलीतून वजा करा आणि आनंदाने खा. चोरून खाल्लेल्या रश्शाचं सुख मिळत नाही आणि वजन मात्र तेवढंच वाढतं.

उपवासाचा प्रश्न श्रद्धेचा आहे, त्याची थट्टा करू नये. पण एकादशीच्या ताटातले शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळं, शहाळं यांत पोटॅशियम भरपूर असतं. उपवास सोडवत नसेल तर काय चालेल हे आहारतज्ज्ञाला आधी विचारा, किंवा त्या दिवशी अन्नाऐवजी दुसरं काही सोडण्याचा संकल्प करा.

पाळीनंतरचा दिवस

‘मशीनवरून उतरल्यावर पूर्ववत वाटायला किती तास लागतात?’ हा प्रश्न स्वतःला विचारा आणि दोन आठवडे उत्तर लिहा. दोन तास लागणारा माणूस संध्याकाळी बाजारात जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहणाऱ्याचा निम्मा आठवडा हातचा जातो, आणि मग मन खालावणारच. ही वही डॉक्टरांना दाखवा. पाणी फार वेगाने काढलं तर असा थकवा, पेटके आणि बीपी पडणं होतं. ताशी, दर किलो वजनामागे १३ मिलीपेक्षा वेग जास्त नसावा, असा संकेत आहे. ५५ किलोच्या माणसाला चार तासांत सुमारे २.८ लिटर. वेळ अर्धा तास वाढवणं, मशीनमधल्या द्रावणाचं तापमान थोडं कमी ठेवणं, बीपीच्या गोळीची वेळ बदलणं, ड्राय वेट पुन्हा ठरवणं हे उपाय डॉक्टरांच्या हातात असतात. ‘एक तास आधी काढा’ हा उपाय नाही. राहिलेलं पाणी आणि विष अंगातच राहतं, आणि पुढची पाळी आणखी जड जाते.

दिवस तीन प्रकारचे धरा : मशीनचा, दुसऱ्या दिवशीचा आणि लांब सुट्टीचा. प्रत्येकाची कामं वेगळी. मशीनच्या दिवशी झोप आणि हलकं जेवण याखेरीज काही ठरवू नका. बाकीच्या दिवसांसाठी वहीत दोन रकाने करा. एकात उपयोगाची कामं, दुसऱ्यात जिवाला बरं वाटणारी. दोन्हींतलं रोज एकेक निवडा आणि त्यापुढे वेळ लिहा : ‘मंगळवार, सकाळी साडेनऊ, तुळशीची माती उकरणं, दहा मिनिटं’. ‘बागकाम करेन’ असं मोघम लिहिलं की ते होत नाही. वेळ झाली की मनाला विचारायचं नाही, उठायचं. निराशेत काम केल्यावर इच्छा येते, इच्छेची वाट बघत बसलं तर दिवस मावळतो. आधी आणि नंतर मन कसं होतं याला दहापैकी गुण द्या. तीनाचे चार झाले तरी पुष्कळ.

यात बिघडतं ते असं. एखाद्या दिवशी बरं वाटतं, मग तुंबलेली सगळी कामं त्याच दिवशी केली जातात, पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, आणि ‘मला आता काही जमतच नाही’ अशी खात्री पटते. म्हणून बऱ्या दिवशीही ठरवल्यापेक्षा जास्त काम करायचं नाही. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करा, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा.

सुई, मशीन आणि आवाज

सुईची भीती असेल तर लाजू नका. डायलिसिसच्या सुया जाड असतात. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम मिळतं. पाऊण ते एक तास आधी फिस्तुलाच्या जागी (सुया टोचण्यासाठी हातातली शीर धमनीला जोडलेली असते तिथे) लावून वरून प्लास्टिक गुंडाळायचं, सुई टोचण्याआधी पूर्ण पुसून घ्यायचं. सुरुवातीला शक्य तर त्याच सिस्टर किंवा टेक्निशियनकडून सुई घ्या. टोचताना चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर. हा श्वास घरी रोज पाच मिनिटं बसवलेला असेल तरच तिथे आठवतो.

मशीनचा भोंगा वाजला की नवीन रुग्णाच्या छातीत धस्स होतं. बहुतेक भोंगे नळी दुमडल्याचे, हात वाकल्याचे, सुई शिरेच्या आतल्या भिंतीला टेकल्याचे असतात. नळीत हवा आढळली तर मशीन आपणहून पंप थांबवतं आणि नळी बंद करतं. टेक्निशियनला एकदा निवांत वेळी प्रत्येक भोंग्याचा अर्थ विचारून घ्या. अर्थ कळला की भीती निम्मी होते. फिस्तुलावर रोज सकाळी बोटं ठेवून थरथर लागते का बघा. लागली नाही तर लगेच रुग्णालयात फोन करा. हे दहा सेकंदांचं काम आहे. दिवसभर पुन्हा पुन्हा हात लावून बघणं मात्र काळजी वाढवतं.

चार तासांत छताकडे बघत राहिलं तर विचार भोवऱ्यासारखे फिरतात. पहिल्या दीड-दोन तासांत, बीपी स्थिर असताना, डॉक्टरांच्या संमतीने पायांचे हलके व्यायाम करता येतात. त्यानंतर ऐकण्याचं काहीतरी : कीर्तन, कथा, क्रिकेट. शेवटच्या तासात गोळे येतात, तेव्हा सहन करत बसू नका, सुरुवातीलाच हाक मारा.

नैराश्य ओळखायचं कसं

थकवा, झोपमोड, भूक मंदावणं हे किडनीच्या आजारातही होतं, म्हणून त्यांवरून ओळखणं फसवं आहे. दोन प्रश्न जास्त कामाचे. गेल्या दोन आठवड्यांत काहीही करण्यातला रस किंवा आनंद कमी झालाय का? आणि उदास, हताश वाटतंय का? प्रत्येकाला गुण द्या : मुळीच नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. बेरीज तीन किंवा जास्त आली तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली भरा. २७ पैकी १० किंवा अधिक आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. नातवाचा फोन आला तरी चेहरा हलत नाही, आवडीच्या मालिकेची वेळ झाली तरी टीव्ही लावावासा वाटत नाही, ही घरच्यांच्या नजरेला पडणारी खूण. प्रश्नावली भरून झाली की दर तीन महिन्यांनी पुन्हा भरा. तारीख रक्ताच्या रिपोर्टसोबतच लिहा.

उपचार दोन मार्गांनी होतात. अमेरिकेत डायलिसिसवरच्या १२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्यांना डायलिसिस चालू असतानाच बोलण्याची उपचारपद्धती आणि निम्म्यांना सर्ट्रालिन ही गोळी दिली. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत सुधारणा दिसली. गोळीचा गुण किंचित जास्त आला, दुष्परिणामही तिचेच जास्त. म्हणजे निवडीला वाव आहे, आणि उपचारासाठी आठवड्यात आणखी एक चक्कर मारायची गरज असतेच असं नाही. मशीनवरच्या तासांत फोनवरूनही समुपदेशन घेता येतं.

गोळी सुरू झाली तर चार गोष्टी लक्षात ठेवा. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीची मळमळ बहुधा ओसरते. मानसोपचारतज्ज्ञाला डायलिसिसचे वार आणि हेपॅरिन (पाळीत रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) घेता हे सांगा, कारण रक्तस्रावाचा कल थोडा वाढू शकतो. एस्सिटालोप्रामसारख्या गोळीआधी ईसीजी काढून घ्यावा. ड्युलोक्सेटिन किडनी निकामी असताना टाळतात. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेणं सर्वांत वाईट : पाळीनंतर तोल जाऊन पडण्याची आणि झोपेत श्वास अडकण्याची भीती असते.

बोलण्याच्या उपचारातलं एक तंत्र घरीही करता येतं. डोक्यात फिरणारं वाक्य जसंच्या तसं लिहा. बहुतेकांच्या वहीत पहिलं वाक्य एकच निघतं : ‘मी घरच्यांवर ओझं झालोय.’ खाली लिहा, हे केव्हा वाटलं? ‘मंगळवारी मुलाने मला न्यायला अर्धी रजा काढली तेव्हा.’ मग घडलेलं तेवढंच, वाढवून नाही आणि लपवूनही नाही : ‘मंगळवारी त्याचे चार तास माझ्यासाठी गेले. नातीचा अभ्यास रोज मी घेतो. लाइटबिल, गॅसचा नंबर मी बघतो.’ शेवटी करता येण्याजोगं एक काम : ‘माझ्याच पाळीला आपल्या भागातून आणखी कोण येतं ते विचारून रिक्षा वाटून घेऊ.’ वाक्याचं रूपांतर कामात झालं की त्याची धार जाते. ‘सगळं छान होईल’ असं खोटं वाक्य मात्र लिहू नका, मन ते स्वीकारत नाही.

समुपदेशनासाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारखी १९९० पासून काम करणारी संस्था, आणि केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

शेजारचा बेड

एकाच पाळीला वर्षभर येणारी माणसं एकमेकांच्या घरचं सगळं जाणतात. मग एके दिवशी शेजारच्या बेडवर नवा माणूस दिसतो. कुणी काही बोलत नाही. कर्मचाऱ्यांना वाटतं, सांगितलं तर बाकीचे घाबरतील. पण न सांगितल्याने भीती कमी होत नाही, प्रत्येक जण ती एकट्याने वाहतो. विचारा. ‘ते काका दिसले नाहीत, काय झालं?’ कळलं तर त्यांच्या घरी फोन करा, पाळीतल्या लोकांनी मिळून दोन मिनिटं आठवण काढा. त्या आठवड्यात झोप उडणं, आपलाही नंबर लागेल असं वाटणं अपेक्षित आहे. त्यांचा आजार आणि तुमचा आजार एकच नसतो. त्यांना हृदयविकार होता का, पाळ्या बुडत होत्या का, हे डॉक्टरांकडून समजून घेतलं की मनातलं चित्र आवाक्यात येतं.

घरच्यांसाठी

‘अहो, किती पिताय! डॉक्टरांनी काय सांगितलंय?’ हे वाक्य काळजीतून येतं आणि कानावर पहाऱ्यासारखं पडतं. त्याऐवजी दोघांनी आधीच ठरवा : दिवसातून एकदा, संध्याकाळी सहा वाजता, ‘बाटलीत किती राहिलंय?’ एवढंच विचारायचं. एरवी पाण्यावर अवाक्षर नाही. घरातले निर्णय, पैशाचे व्यवहार, मुलांच्या शाळेच्या बैठका रुग्णाच्या हातून काढून घेऊ नका. जपण्याच्या नादात माणूस घरातच पाहुणा होतो. नवरा-बायकोच्या शरीरसंबंधात अडचणी येणं या आजारात सर्रास घडतं. ते प्रेम आटल्याचं लक्षण मानून गप्प राहू नका, नेफ्रोलॉजिस्टला सांगा. सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून निदान अर्धा दिवस पूर्ण मोकळीक हवी, त्यासाठी भाऊ, मेहुणी, शेजारी यांच्यात वार वाटून द्या. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम सांगा : ‘शुक्रवारी साडेपाचला आणायला याल?’

पैशाची काळजी मनाला सतत कुरतडते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून अनेक सरकारी रुग्णालयांत केंद्रं सुरू झाली आहेत, जवळचं कोणतं ते जिल्हा रुग्णालयात कळेल.

‘आता नको हे’ असं रुग्ण म्हणाला तर

‘असं बोलू नये’ म्हणून तोंड बंद करू नका. विचारा : नेमकं काय नको? आज नको की कायमचं? गोळे, खाज, दुखणं कमी झालं तर चालेल का? बऱ्याचदा उत्तर एखाद्या सोडवता येण्याजोग्या त्रासाचं निघतं. कधी त्यामागे नैराश्य असतं. आणि कधी, विशेषतः वय झालेल्या, इतर आजारांनी जर्जर माणसाचा तो शांतपणे केलेला विचार असतो. या तिन्हींचं उत्तर एकच असू शकत नाही. थकून घरी आलेल्या संध्याकाळी काहीच ठरवू नका. त्रासांवर आणि नैराश्यावर उपचार करून बघा, मग नेफ्रोलॉजिस्ट, रुग्ण आणि जवळची माणसं एकत्र बसा. डायलिसिस थांबवलं तरी वेदना आणि धाप कमी ठेवणारे पॅलिएटिव्ह उपचार असतात, त्यांची माहिती या बैठकीतच घ्या.

जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो डोक्यात भरवला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं किंवा मरण यावं म्हणून पाळी चुकवायचं बोलणं झालं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, औषधांचा साठा आपल्या ताब्यात घ्या, १४४१६ ला फोन लावा, आणि धोका लगेचचा वाटला तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

गावाला जायचं असेल तर

डायलिसिस लागल्यापासून गाव सुटलं, ही खंत बहुतेकांची असते, आणि ती बरीचशी टाळता येते. भाचीचं लग्न कोल्हापूरला असेल तर तीन-चार आठवडे आधी तिथल्या केंद्राला फोन करून पाळीची वेळ मागा. सोबत न्यायचे कागद : हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे अलीकडचे रिपोर्ट, गेल्या तीन पाळ्यांच्या नोंदी, ड्राय वेट, हेपॅरिनचा डोस, डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा) प्रकार, फिस्तुला की कॅथेटर (शिरेत बसवलेली नळी), औषधांची यादी आणि नेफ्रोलॉजिस्टचं पत्र. रिपोर्ट जुने असले तर केंद्र दारातून परत पाठवतं, म्हणून किती दिवसांपूर्वीचे चालतात ते फोनवरच विचारा. डायलिसिससाठी रेल्वेने जाणाऱ्याला आणि एका सोबत्याला स्लीपर व थ्री एसीमध्ये ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी ठरावीक नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला लागतो. लग्न रविवारी असेल तर शनिवारी तिथे पाळी घ्या, म्हणजे पंगतीत बसताना लांब अंतराची धास्ती नाही. बाटली आणि मिठाची डबी पिशवीत वरच ठेवा.